घर हलवायचं म्हणता, पण भाडं किती पडंल?

एप्रिल लागला की आमच्याकडे येणारी पत्रं बदलतात. बियाणं, पीक विमा मागं पडतं आणि बदली, पोराची नोकरी, भाड्याची खोली बदलणं, गावातलं जुनं घर सोडून तालुक्याला जाणं हे सुरू होतं. सगळ्यांचा प्रश्न शेवटी एकच, गाडीवाला एवढे मागतो, बरोबर मागतो का? म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलं आहे. भाड्याचे आकडे देतोय ते मी स्वतः मोजलेले किंवा माझ्यासमोर ठरलेले आहेत, डिझेल वरखाली झालं की तेही होतील, तेव्हा आकड्यापेक्षा हिशोब कसा लावलाय ते जास्त बघा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आंतरजिल्हा बदलीत वर्धा जिल्हा मिळाला. आर्णी तालुक्यातल्या गावाहून वर्ध्याला सामान न्यायचं आहे. दिवाण, लोखंडी कपाट, फ्रिज, कूलर, धान्याच्या दोन कोठ्या, भांडी आणि पुस्तकं खूप. गावातला छोटा हत्तीवाला सहा हजार म्हणतो, हमाल वेगळे. जास्त सांगतो का? कमी कसं करता येईल?

ताई, आधी बदलीबद्दल अभिनंदन, किती वर्षं वाट बघून मिळते ते माहीत आहे.

आता हिशोब. तुमच्या गावाहून यवतमाळ आणि तिथून वर्धा, एकशे दहा किलोमीटर धरा. गाडीवाला परत रिकामा येतो म्हणून भाडं दोन्हीकडचं लागतं, म्हणजे 220 किलोमीटर. छोटा हत्ती भरलेला असला की लिटरला पंधराच्या आसपास चालतो, म्हणजे पंधरा लिटर डिझेल, चौदाशे रुपये झाले. ड्रायव्हरचा दिवस सातशे-आठशे. जाता-येता टोल. मग टायर, सर्व्हिसिंग, गाडीचा हप्ता, इन्शुरन्स आणि मालकाला चार पैसे सुटायला पाहिजेत की नाही? सगळं मिळून चार ते साडेचार हजार हे वाजवी भाडं होतं. सहा हजार छोट्या हत्तीला जास्तच आहेत.

पण घासाघीस करायच्या आधी एक काम करा. छोट्या हत्तीची मागची जागा सात फूट लांब आणि पाच फुटाला थोडी कमी रुंद असते, आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास. अंगणात रांगोळीनं सात बाय पाचचा चौकोन काढा आणि दिवाण, कपाट, फ्रिज, कूलर, कोठ्या कुठं बसतील ते टेपनं मोजून बघा. मी हे माझ्या घरी केलं होतं तेव्हा कपाट, दिवाण आणि फ्रिजमध्येच चौकोन भरला आणि बायको म्हणाली आता स्वयंपाकघर डोक्यावर नेता का. तुमचं सामान वाचून मला वाटतं छोट्या हत्तीत ते एका खेपेत बसणार नाही, आणि दोन खेपा म्हणजे आठ-नऊ हजार गेले. त्यापेक्षा एकच पिकअप सांगा. पिकअप सव्वा टनाच्या वर उचलते, जागा मोठी, आणि साडेपाच-सहा हजारात ती यायला हरकत नाही. तेव्हा त्याच गाडीवाल्याला विचारा की सहा हजारात पिकअप देतो का, बहुतेकांची ओळख असते, तो आणून देतो. टाटाची चारशेसात, म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक मेटॅडोर म्हणतात, ती तुम्हाला लागत नाही, कोणी आग्रह केला तरी घेऊ नका.

खरी बचत परतीच्या गाडीत आहे. वर्ध्याहून, नागपूरहून आपल्याकडे खत, सिमेंट, फर्निचर, हार्डवेअर घेऊन गाड्या येतात आणि रिकाम्या परत जातात. त्या माणसाला डिझेल निघालं तरी तो खुश असतो. आर्णीतल्या दोन-चार कृषी केंद्रांत, सिमेंटच्या दुकानात, फर्निचरवाल्याकडे आठ दिवस आधी सांगून ठेवा की वर्ध्याकडे रिकामी गाडी जाणार असली तर कळवा. सहा हजाराचं काम साडेतीन-चार हजारात झालेलं मी पाहिलं आहे. अट एकच, दिवस तो सांगेल तो, तुम्ही सामान बांधून तयार पाहिजे. वरुड, काटोल, नरखेडकडच्या लोकांना संत्र्याच्या हंगामात हे उलट्या दिशेनं जमतं, नागपूरच्या कळमना मार्केटला माल उतरवून गाड्या सकाळी गावाकडे निघतात, नागपूरहून गावी सामान आणायचं असेल तर त्या पकडायच्या.

तारखेचं पण बघा. मे महिन्यात पिकअप मिळत नाही किंवा महाग मिळते त्याचं कारण लग्नं. बिछायत केंद्राच्या खुर्च्या, गाद्या, मंडपाचे पाइप सगळे ह्याच गाड्यांतून फिरतात. कॅलेंडरमध्ये लग्नाची तिथी नसलेला दिवस पकडा, त्यातही सोमवार ते गुरुवार, हजार-पाचशेचा फरक पडतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पुढं ढकलू नका. तुमचं घर डांबरी रोडला लागून नसेल तर एक चांगला पाऊस झाला की काळ्या मातीत पिकअप रुतते, मग ट्रॅक्टरनं ओढून काढायचे पैसे वेगळे आणि भिजलेल्या गाद्या वेगळ्या.

सामान कमी करा हे सगळेच सांगतात पण काय कमी करायचं ते कोणी सांगत नाही. कोठ्यांमध्ये दोन क्विंटल गहू असेल तर तो छोट्या हत्तीच्या वजनाचा चौथा हिस्सा झाला. वर्षाचा गहू भरलेला असेल तर पन्नास किलो ठेवा, बाकी गावातच विका किंवा भावाकडे ठेवा. सरपण, कुंड्या, फुटका पाटा, टाकीचे तुकडे, जुन्या टीनाचे पत्रे, लोक प्रेमानं हे सगळं भरतात आणि नव्या घरी ठेवायला जागा नसते. पाटा-वरवंटा सासूबाईंचा असेल तर जरूर न्या, तो काही भाड्यानं मोजायचा नाही.

रिकामी झालेली कोठी म्हणजे फुकटचा खोका. पितळी आणि स्टीलची भांडी त्यात बसतात, मधे मधे टॉवेल, चादरी. कूलरचं गवत आणि मोटर काढली की त्याच्या पोटात उशा, स्वेटर, पोरांचे कपडे जातात. आरसा आणि कपाटाची काच जुन्या नऊवारी लुगड्यात गुंडाळा, लुगडं लांब असतं, चार वेढे बसतात आणि वर सुतळी. फ्रिजला दोन्ही बाजूनं कापसाच्या गाद्या. पुस्तकं मात्र पोत्यात भरू नका, चुंगडीभर पुस्तकं कोणाच्या पाठीला सोसत नाहीत. मेडिकल आणि किराणावाल्याकडून छोटे खोके घ्या, एका खोक्यात पंधरा किलोच्या वर नाही. बाहेर पॅकिंगवाला हेच करायचे दोन-तीन हजार घेतो.

हमालीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे. भरायला तीन माणसं लागतील, आमच्या भागात एका भरतीचे माणशी चारशे-पाचशे चालतात, उतरवायला वर्ध्यात तेवढेच. घर वरच्या माळ्यावर असेल तर ते आधीच सांगा, पायऱ्या किती ते पण सांगा, आणि त्याचे जास्त द्या. इथं कृपा करून घासाघीस करू नका. दोन वर्षांपूर्वी चंद्रपूरला आम्ही घर बदललं तेव्हा गाडी उशिरा आली आणि दुपारी एकला कपाट उतरवायची वेळ आली. मे महिना. लोखंडी कपाट इतकं तापलं होतं की पन्नाशीतल्या हमालभाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून दोन तुकडे केले आणि तळहाताला गुंडाळले, तरी मधे मधे कपाट टेकवून फुंकर मारत होते. मी त्यांच्याशी सकाळी पन्नास रुपयांसाठी वाद घातला होता. ते माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून मी गाडी पहाटे पाचला लावतो, दहाच्या आत खाली करतो, आणि माठ भरून रस्त्यात ठेवतो. ताई, तुमची बचत गाडीच्या निवडीत आणि वेळेत करा, ती पुरेशी होते.

ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, गाडी कोणती, किती वाजता, भाडं टोलसकट की टोल वेगळा, हमाली कोणाकडं. इसार पाचशे-हजाराच्या वर नाही. गाडीची नंबर प्लेट पिवळी आहे का बघा, पांढऱ्या नंबरच्या गाडीत किंवा शेतीच्या ट्रॉलीत भाड्यानं सामान नेताना काही झालं तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. सामानाचा मालक किंवा त्याचा माणूस म्हणून एक जण केबिनमध्ये बसू शकतो. मागं सामानावर पोरांना, म्हाताऱ्यांना बसवायचं नाही, पाच-पन्नास रुपये वाचवायला कितीतरी जण बसवतात. ती माणसं एसटीनं जाऊ द्या. आणि रस्त्यात कोणी ई-वे बिल, म्हणजे माल नेतानाचा जीएसटीचा कागद, मागितलं तर घाबरू नका, वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही. बदली ऑर्डरची झेरॉक्स जवळ ठेवा, पुरते.

प्रश्न : गॅस सिलिंडर गाडीतच टाकून न्यावा का? (एक वाचक, वणी)

दुसऱ्या गावी कायमचं जात असाल तर नाही. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, ते टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, देतात आणि डिपॉझिट परत मिळतं, जेवढं त्यावेळी भरलं होतं तेवढं. नव्या गावी ते व्हाउचर दाखवून कनेक्शन घ्यायचं, तिथं आजच्या दरानं डिपॉझिट भरावं लागतं, साध्या 14.2 किलोच्या सिलिंडरला जून 2022 पासून ते 2200 रुपये आहे. शेगडी तुमचीच, ती न्या. जुनी पावती हरवली असेल तरी एजन्सीत विचारा, पैसे सोडू नका. हे काम निघायच्या दोन-तीन दिवस आधी करावं लागतं आणि मधले दिवस स्वयंपाकाची सोय शेजाऱ्यांकडं बघावी लागते, तेवढं डोक्यात असू द्या.

प्रश्न : काटोल तालुक्यातून लिहितो. मुलाला पुण्यात नोकरी लागली. पलंग, कपाट, वॉशिंग मशीन, मोटरसायकल आणि कपडे-भांडे पाठवायचे आहेत. इंटरनेटवर नंबर पाहून एका पॅकर्स-मूव्हर्सला फोन केला तर तो 22 हजार म्हणतो आणि पाच हजार आत्ताच्या आत्ता टाका म्हणतो, नाही तर रेट वाढंल. टाकू का?

काका, टाकू नका. गाडी न पाहता, ऑफिस न पाहता, फोनवर घाई करणाऱ्याला एक रुपया पण टाकू नका.

माझ्या बहिणीच्या घरी हे झालेलं आहे. नागपूरहून सामान निघालं, ठरले होते अठरा हजार, सामान गाडीत चढल्यावर दुसऱ्या दिवशी फोन आला की वजन जास्त भरलं, आता एकतीस लागतील, नाही तर माल गोडाऊनमध्ये राहील. तिच्या पोराची पुस्तकं, कागदपत्रं सगळं त्यात. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही पण ती रात्र आम्ही कशी काढली ते सांगता येत नाही, शेवटी पंचवीस देऊन सामान सोडवलं. लिहून काहीच घेतलं नव्हतं, ही आमची चूक.

आता तुमचं. पुणे इथून सातशे किलोमीटरच्या घरात, एवढ्या लांब लोखंडी पलंग आणि कपाट नेण्यात अर्थ नाही. वापरलेला पलंग, कपाट पुण्यात विद्यार्थी सोडून जाताना विकतात, मिळतात. मुलाला पहिले दोन-तीन महिने गादीवर काढू द्या, नोकरी टिकली, खोली पक्की झाली की घेईल. वॉशिंग मशीन पण राहू द्या.

मोटरसायकल रेल्वेनं पाठवा. नागपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसमध्ये आरसीची आणि आधारची झेरॉक्स लागते, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करून न्यायची, आणि गोणपाट बांधून पॅकिंग करावं लागतं, ते करणारी माणसं स्टेशनबाहेर असतात, पैसे आधी ठरवा. एक दिवस आधी गेलं तर बरं. चालवत नेईन म्हणाला तर समृद्धीचा विचार सोडा, त्या रस्त्यावर दुचाकीला परवानगीच नाही.

कपडे-भांड्याचे चार-पाच खोके नागपूरच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत टाका, ते वजनावर घेतात आणि बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, देतात. गोडाऊन डिलिव्हरी घेतली, म्हणजे मुलानं पुण्यात त्यांच्या गोडाऊनवरून उचललं, तर स्वस्त, घरपोच घेतलं तर जास्त. बिल्टी सांभाळा. माल हरवला, तुटला तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यात तसं आहे, आणि बिल्टीशिवाय तुम्ही काहीच दाखवू शकत नाही. महत्त्वाचे कागद, मार्कशीट, सोनं-नाणं हे मुलाच्या अंगावरच्या बॅगेत.

तरीही पॅकर्सवालाच पाहिजे असेल तर त्यांच्या ऑफिसात जा, माणूस घरी बोलवून सामान दाखवा, आणि सामानाच्या यादीसकट कोटेशन छापील घ्या. त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय की वेगळा हे विचारा, बावीस हजाराचे सव्वीस होतात ते इथंच. इन्शुरन्सचे पैसे लावले तर विमा कंपनीचा कागद मागा, पॅकर्सच्या स्वतःच्या पावतीवर नुसतं इन्शुरन्स लिहिलेलं असेल तर तो विमा नाही. कोणी फसवलंच तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच, त्याच तासात, सायबर हेल्पलाइन 1930.

प्रश्न : मागच्या वेळी फ्रिज नेला तर बंदच पडला. काय चुकतं? (एक वाचक, ब्रह्मपुरी)

आडवा नेला असणार. फ्रिज उभाच न्यायचा. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, पुसून कोरडा करा, दार दोरीनं बांधा, चिकटपट्टी नको, उन्हात तिचा चिकटा निघत नाही. नव्या घरी ठेवल्यावर लगेच चालू करू नका, चार-पाच तास उभा राहू द्या, नाइलाजानं आडवा करावाच लागला असेल तर पूर्ण दिवस. इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही तसंच, उभी, वायरी काढून, आणि कपड्याच्या गाठोड्याजवळ नाही, ॲसिड सांडलं तर कपडे गेले.

प्रश्न नाही, तक्रार आहे : मी दारव्हा भागात पिकअप चालवतो. लोकं सहाला बोलावतात अन् गेलो तं घरात भांडे घासणं चालू राह्यते. दोन दोन घंटे गाडी उभी. त्यात माझं दुसरं भाडं जाते. म्हणतात पाच नग आहे अन् निघतात पंधरा. वरून उतरवल्यावर म्हणतात कपाटाले ओरखडा पडला, पैसे कापतो. आमचं पण कोणी छापा.

दादा, छापलं, आणि जसंच्या तसं छापलं.

तुमचं बरोबर आहे. वाचकहो, वर आर्णीच्या ताईंना मी सगळा हिशोब सांगितला त्यात वेळ हा पण पैसाच आहे. पिकअपवाल्याला दिवसात दोन भाडी मिळाली तर तो तुम्हाला पाचशे कमी करू शकतो, एकच मिळालं तर तुमच्याकडूनच काढावे लागतात. दारात गाडी लागायच्या आधी सगळे खोके ओसरीवर आलेले पाहिजेत, सगळ्यात जड आधी, म्हणजे कपाट-फ्रिज दाराजवळ. सकाळचा चहा-नाश्ता शेजाऱ्यांकडं.

दादा, तुम्हाला पण दोन गोष्टी सांगतो. भाडं ठरवताना सामानाचे फोटो मागवा, व्हॉट्सअॅपवर, प्रत्येक खोलीचा एक. त्यावर भाडं सांगा आणि लिहा की याच्या वर सामान निघालं तर एवढे जास्त. पहिला एक तास भरायला, त्यानंतर तासाला दीडशे-दोनशे थांबण्याचे, हे पण आधीच लिहून टाका, नंतर मागितलं की भांडण होतं, आधी सांगितलं की लोक पटपट आवरतात. आणि कपाट, फ्रिज, टीव्ही चढवायच्या आधी घरच्या माणसासमोर चारी बाजूनं मोबाइलवर फोटो काढा. जुना ओरखडा जुनाच दिसतो मग. पण दोर बांधताना कपाटाच्या कोपऱ्याला पोत्याचा तुकडा लावत जा, खरे ओरखडे तिथंच पडतात, रस्त्याच्या खड्ड्यांनी दोर घासून.

तुमचा नंबर सदरात छापता येत नाही. पण दारव्हा, दिग्रस, आर्णीकडच्या कोणाला मे-जूनमध्ये पिकअप लागणार असेल तर कार्यालयाच्या पत्त्यावर कुठून कुठं आणि कधी एवढं लिहून पाठवावं, पत्र, दादा, तुमच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी माझी.